अर्धं बोट

विश्रामबागेत दुसरा मजला. एम.ए. भाग दोन.
एक कॉट माझी, एक जतच्या दानम्माची.
भिंतीवर जगाचा नकाशा,
रात्री ग्रीनलँडवर पाल येऊन बसते.
खाली पाण्याचं बॅरल, त्याच्यावर आमचा तह:
दोन बादल्या तुझ्या, दोन माझ्या.
तिच्या केस धुण्याच्या दिवशी तो मोडतो.

नदाफ सर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतात.
आवाज इतका हळू की मागच्या बाकाला
युद्ध आणि शुद्ध सारखंच ऐकू येतं.
त्या दिवशी फळ्यावर एकच शब्द होता: रूढी.
म्हणाले, जे कुठल्या तहात लिहिलेलं नाही,
ज्याच्यावर कुणाची सही नाही,
तरी राष्ट्रं पाळत आली,
आणि पाळताना त्यांना वाटतं की हे पाळलंच पाहिजे.
नुसतं पाळणं पुरत नाही. वाटलंही पाहिजे.
उदाहरण द्या कुणीतरी.

पोरं बोलली. समुद्र, वकिलाती,
दूताच्या केसाला धक्का लावायचा नाही.
मी गप्प.
माझं उदाहरण खरसुंडीच्या बाजारात
खांद्यावर उपरणं टाकून उभं होतं.

माझे वडील हेडी.
बैल घेणारा एक, विकणारा एक, मधे हे.
तोंडानं पाऊसपाणी, पोराबाळांची चौकशी,
आणि उपरण्याखाली बोटांचं चाललेलं असतं.
एक बोट धरलं की हजार, मूठ दाबली की पाच,
हात झटकला की बोलणी फिसकटली.
शेजारी उभ्या माणसाला कळत नाही
खिलार जोडी केवढ्याला गेली.

त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट
कडबाकुट्टीनं नेलं, मी चौथीत असताना.
एक पेर राहिलं.
पुढच्या बाजाराला निघाले तेव्हा आई म्हणाली,
आता चाराचा सौदा साडेतीनला पडणार.
पडला नाही.
कुणी बैठक घेतली नाही, ठराव नाही,
पण आटपाडीचा व्यापारी काय नि पार विजापूरकडचा काय,
त्या थोटकाला पुरतं बोट धरून मोजत आला.
एकानं फक्त, नवा होता, अर्धं धरलं.
बंदी वगैरे काही नाही.
त्याचे बैल दिवसभर उन्हात उभे
आणि त्याच्यापुढं उपरणं कुणी पसरेना.

लघुप्रबंधात हे घालू का, मी विचारलं.
सर चष्मा पुसत राहिले. संदर्भ काय देणार?
तळटीप: वडील, उजवा हात.
दोघंही हसलो. मग म्हणाले, घाला,
पण परिशिष्टात.

लम्पीच्या साली बाजार भरलाच नाही.
गुरांच्या गाड्या हद्दीवरून माघारी.
वडील रिकामे, म्हणून फोन लांबायचा.
"तुझ्या त्या देशांच्यात हेडी कोण असतो गं?"
म्हटलं, कधी मोठा देश, कधी एखादा छोटा, तटस्थ,
कधी कुणीच नाही.
"कुणीच नाही? मग नाही म्हणायची पाळी आली
तर कुणाच्या तोंडानं म्हणायचं?"

असा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता.
दानम्मा घरी कानडीत बोलत होती,
फोन न ठेवता तिनं तो पलीकडं सांगितला.
पलीकडं बराच वेळ हसू, मग काहीच नाही.

निकालानंतरच्या रविवारी गावी गेले.
आईनं विचारलं, पुढं काय.
आत्यानं विचारलं. पिठाच्या गिरणीवाल्यानं
पट्टा फिरत असतानाच ओरडून विचारलं,
ह्या शिक्षणाला भाव काय मिळतो?
वडिलांनी विचारलं नाही.
अंगणात बसले होते. उपरणं काढून
माझ्या नि त्यांच्या हातावर टाकलं,
तोंडानं म्हणाले, औंदा शाळू बरा हाय.
खाली थोटकं बोट माझ्या तळव्यावर आलं.
मी धरलं. पुरतं.
त्यांनी आणखी एक पुढं केलं,
मी म्हटलं, हां, बरा हाय शाळू.
हात कुणीच झटकला नाही.

केवढ्याला ठरलं ते सांगायचं नसतं.